घड्याळ आणि कॅलेंडरची गणितं: सूत्रं पाठ करायच्या आधी हे वाचा

पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, एमपीएससी, कुठलाही पेपर काढून बघा, बुद्धिमत्तेच्या भागात घड्याळाचा आणि कॅलेंडरचा प्रश्न हमखास सापडतो. आणि आमच्या अभ्यासिकेत मी बघतो, नवीन मुलं नेमके हेच प्रश्न "नंतर बघू" म्हणून सोडून देतात, किंवा मग कुठूनतरी वीस ट्रिका वहीत उतरवून घेतात आणि पेपरला बसल्यावर कुठली ट्रिक कुठं लावायची तेच आठवत नाही. माझंही पहिल्या भरतीला तेच झालं होतं, सूत्र तोंडपाठ होतं पण ३० कशाला गुणायचं आणि ५.५ कशाला हे ऐन वेळी उलटं झालं आणि दोन मार्क हातचे गेले. त्यानंतर मी सगळ्या ट्रिका बाजूला ठेवून मुळापासून समजून घेतलं, तेव्हा कळलं की यात दोनच गोष्टी आहेत. घड्याळ म्हणजे गोल मैदानावर पळणारे दोन जण, आणि कॅलेंडर म्हणजे ७ ने भागून उरलेली बाकी. बस. बाकी सगळं यातूनच निघतं.

पोलीस भरतीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. म्हणून समजून घेतल्यावर हात बसेपर्यंत सराव पाहिजेच, पण आधी समजून घ्या.

आधी घड्याळ

पूर्ण गोल ३६० अंशांचा. मिनिट काटा ६० मिनिटांत पूर्ण फेरी मारतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. तास काटा १२ तासांत फेरी मारतो, म्हणजे तासाला ३० अंश, आणि ३० ला ६० ने भागलं की मिनिटाला अर्धा अंश. हे दोन वेग वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ६ आणि ०.५. दोघांतला फरक ५.५, म्हणजे मिनिट काटा दर मिनिटाला तास काट्यापेक्षा साडेपाच अंश जास्त पळतो. सूत्रातला तो ५.५ इथून आलाय, आकाशातून पडलेला नाही.

आता कोन काढायचा पहिला प्रकार. ३:४० वाजता दोन काट्यांत किती अंशांचा कोन? १२ च्या आकड्यापासून दोघं किती लांब आहेत ते वेगवेगळं काढा. मिनिट काटा ४० × ६ = २४० अंशांवर. तास काटा ३ वर म्हणजे ९० अंश, पण ४० मिनिटं होऊन गेलीत तर तोही पुढे सरकलाय, ४० चे अर्धे २० अंश, म्हणजे ११० वर. वजाबाकी केली, १३० अंश. झालं. इथं सगळ्यात जास्त पोरं चुकतात ती त्या २० अंशात, कारण डोक्यात असतं की तीन वाजलेत म्हणजे तास काटा ३ वरच आहे. तो ३ वर फक्त बरोब्बर तीन वाजता असतो हो! चुकीचं उत्तर १५० येतं आणि ते ऑप्शनमध्ये दिलेलंच असतं, पेपर काढणाऱ्याला माहीत असतं तुम्ही कुठं घसरणार.

अजून एक, ९:१० घ्या. तास काटा २७० + ५ = २७५, मिनिट काटा ६०, फरक २१५. पण १८० च्या वर उत्तर आलं की ३६० मधून वजा करायचं, १४५ अंश, कारण दोन काट्यांतला कोन विचारला की लहान बाजूचाच धरतात. प्रश्नात "मोठा कोन" किंवा "प्रविशाल कोन" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच २१५ ठेवा.

पुस्तकात हेच एका ओळीत असतं, ३० × तास वजा ५.५ × मिनिटं, चिन्ह सोडून द्यायचं. सरावाच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते वापरू नका असं मी सांगेन, दोन्ही काटे वेगळे काढा, मग सूत्र आपोआप हातात येतं आणि विसरलात तरी पेपरात परत उभं करता येतं.

काटे एकमेकांवर कधी येतात

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथं मैदानावर पळणारे दोघं कामाला येतात. प्रश्न असतो, ४ ते ५ च्या दरम्यान काटे एकमेकांवर कधी येतील? चार वाजता उभे रहा. मिनिट काटा १२ वर, तास काटा ४ वर, म्हणजे तास काटा १२० अंश पुढे आहे. मिनिट काट्याला हे १२० अंश भरून काढायचेत आणि तो दर मिनिटाला ५.५ अंशाने जवळ येतो, तर १२० भागिले ५.५, म्हणजे २४०/११, म्हणजे २१ पूर्णांक ९/११ मिनिटं. उत्तर ४ वाजून २१ पूर्णांक ९/११ मिनिटं. दशांशात जाऊ नका, दुप्पट करून खाली ११ लिहायचे, ऑप्शन अपूर्णांकातच असतात.

त्याच ४ ते ५ मध्ये काटकोन कधी? काटकोन दोनदा होतो, एकदा मिनिट काटा ९० अंश मागे असताना आणि एकदा ९० अंश पुढे गेल्यावर. मागे असताना म्हणजे १२० पैकी फक्त ३० भरून काढायचे, ६०/११, ५ पूर्णांक ५/११ मिनिटं. पुढे गेल्यावर म्हणजे १२० भरायचे आणि वर ९० अजून, २१०, तर ४२०/११, ३८ पूर्णांक २/११ मिनिटं. आणि विरुद्ध दिशेला, म्हणजे १८० अंशाला? १२० + १८० = ३००, ६००/११, ५४ पूर्णांक ६/११ मिनिटं. बघा, एकच विचार, चार उत्तरं निघाली.

फक्त एक लक्षात ठेवा, एका तासात मिनिट काटा जास्तीत जास्त ३३० अंशच भरून काढू शकतो (५.५ × ६०). ७ ते ८ च्या मध्ये १८० चा कोन विचारला तर २१० + १८० = ३९० येतं, ते ३३० च्या बाहेर, म्हणजे तो होणारच नाही. मग मागे असतानाचा धरायचा, २१० - १८० = ३०, ५ पूर्णांक ५/११ मिनिटं. हे तपासायची सवय लावा.

आता "दिवसातून किती वेळा" वाले प्रश्न. काटे एकमेकांवर १२ तासांत ११ वेळा येतात, १२ नाही, कारण ११ नंतरची भेट थेट १२ वाजता होते आणि ती १२ ते १ ची पण तीच, दोन तासांत मिळून एक. दोन भेटींमधलं अंतर ३६० भागिले ५.५, ६५ पूर्णांक ५/११ मिनिटं. २४ तासांत २२ वेळा. विरुद्ध दिशेलाही १२ तासांत ११, कारण ५ ते ७ मध्ये एकदाच, बरोब्बर ६ ला. काटकोन १२ तासांत २२ वेळा, दिवसात ४४, कारण ३ आणि ९ चे काटकोन दोन-दोन तासांत वाटले जातात. आणि प्रश्नात "एका सरळ रेषेत" असं लिहिलं असेल तर थांबा, त्यात एकमेकांवर आलेले पण येतात आणि विरुद्ध दिशेचे पण, म्हणजे दिवसात ४४. "विरुद्ध दिशेला" असेल तर २२. शब्द नीट वाचा, मार्क तिथं आहे.

चुकीचं चालणारं घड्याळ

सकाळी ६ ला घड्याळ बरोबर लावलं, ते तासाला ५ मिनिटं मागे पडतं, आता त्यात संध्याकाळचे ५ वाजलेत, तर खरी वेळ काय? बहुतेक जण म्हणतात ११ तास झाले, ११ × ५ = ५५ मिनिटं, म्हणून ५:५५. चूक. कारण ते ११ तास खोट्या घड्याळाचे आहेत, खरे किती झाले तेच तर शोधायचंय. खऱ्या ६० मिनिटांत हे घड्याळ ५५ मिनिटं दाखवतं. दाखवलेली मिनिटं ११ × ६० = ६६०. ६६० ला ५५ ने भागलं, १२. म्हणजे खरे १२ तास झाले, संध्याकाळचे ६. दरवेळी हीच एक ओळ लिहा, "खरी इतकी = दाखवली इतकी", मग त्रैराशिक मांडा. घड्याळ पुढे पळत असेल तर ५५ च्या जागी ६५, एवढाच फरक.

हेच घड्याळ परत बरोबर वेळ कधी दाखवेल? पूर्ण १२ तास म्हणजे ७२० मिनिटं मागे पडलं की. तासाला ५, तर १४४ तास, ६ दिवस. दोन घड्याळं असतील, एक तासाला २ मिनिटं पुढे आणि एक ३ मिनिटं मागे, तर दोघांतला फरक तासाला ५ ने वाढतो, बेरीज करायची.

ठोक्यांचा प्रश्न छोटाच आहे पण फसवतो. ४ ठोके पडायला ६ सेकंद लागतात तर १२ ठोक्यांना किती? १८ नाही. ४ ठोक्यांमध्ये ३ जागा, एका जागेला २ सेकंद, १२ ठोक्यांमध्ये ११ जागा, २२ सेकंद.

आरशातली वेळ ११:६० मधून वजा करायची, ४:२० ची ७:४०. वेळ १२ ते १ मधली असेल तर १२ ला शून्य धरा, १२:२५ म्हणजे ०:२५, उत्तर ११:३५. पाण्यातल्या प्रतिमेला पुस्तकं १८:३० मधून वजा करायला सांगतात आणि परीक्षेचं उत्तर तसंच येतं, ४:२० असेल तर १४:१०, म्हणजे २:१०. पण कागद उलटा करून बघितलात तर तास काटा बरोबर त्या जागी बसत नाही, अर्ध्या तासाने सरकलेला दिसतो, म्हणून ऑप्शनमध्ये चित्रं दिली असतील तर सूत्र सोडा आणि काटे बघून टिक करा.

आता कॅलेंडर

इथं एकच विचार. आठवडा ७ दिवसांनी परत येतो, म्हणून ७ च्या पटीतले दिवस फेकून द्या, उरलेले मोजा. त्यांनाच जादा दिवस म्हणतात. साधं वर्ष ३६५, ५२ आठवडे आणि १ दिवस जादा. लीप वर्ष ३६६, २ जादा.

लीप कुठलं? ४ ने भाग गेला की लीप, पण शतकाचं वर्ष असेल तर ४०० ने जायला पाहिजे. २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. म्हणून १०० वर्षांत २४ लीप आणि ७६ साधी, ४८ + ७६ = १२४, ७ ने भागून बाकी ५. मग २०० वर्षांचे १०, बाकी ३. ३०० चे १५, बाकी १. ४०० वर्षं पूर्ण झाली की त्यात एक लीप वाढतं आणि बाकी ०. यातूनच तो प्रश्न सुटतो की शतकाचा शेवटचा दिवस कुठल्या वारी असू शकत नाही: बाकी ५, ३, १, ० म्हणजे शुक्रवार, बुधवार, सोमवार, रविवारच येतात, मंगळवार, गुरुवार, शनिवार कधीच नाही.

वारांचे नंबर रविवार ०, सोमवार १, असे शनिवार ६ पर्यंत. आणि महिन्यांसाठी एक ओळ पाठ करा, याला इलाज नाही, एवढंच पाठांतर आहे सगळ्या धड्यात: ०३३ ६१४ ६२५ ०३५. जानेवारी ०, फेब्रुवारी ३, मार्च ३, एप्रिल ६, मे १, जून ४, जुलै ६, ऑगस्ट २, सप्टेंबर ५, ऑक्टोबर ०, नोव्हेंबर ३, डिसेंबर ५. हे आकडे म्हणजे तो महिना सुरू व्हायच्या आधी जमलेले जादा दिवस, जानेवारीचे ३, फेब्रुवारीचा ०, मार्चचे ३, अशी बेरीज करत गेलं की तयार होतात. लीप वर्षात मार्चपासून पुढे १ मिळवायचा. फोन नंबरसारखं म्हणा, दोन दिवसांत तोंडात बसतं.

आता खरी तारीख सोडवू. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, कोणता वार होता? चालू वर्ष पूर्ण झालेलं नाही म्हणून १९५९ पर्यंतची वर्षं धरा. १६०० वर्षांचे ०. पुढच्या ३०० चा १. उरली ५९ वर्षं, त्यात लीप ५९ भागिले ४, १४, म्हणजे ५९ + १४ = ७३, बाकी ३. (साध्याला १, लीपला २, म्हणून सरळ वर्षं अधिक लीप केलं की झालं.) मे चा नंबर १, पण १९६० लीप आहे म्हणून २. तारीख १. बेरीज १ + ३ + २ + १ = ७, बाकी ०, रविवार. १५ ऑगस्ट १९४७ तुम्ही करा, ४६ वर्षांची बाकी १ येते, ऑगस्टचा २, उत्तर शुक्रवार यायला पाहिजे, आलं नाही तर बहुतेक तुम्ही ४६ ऐवजी ४७ धरलेत.

इथं थोडं विषयांतर, पण महाराष्ट्रातल्या मुलांना हे कळावं असं मला मनापासून वाटतं. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख या पद्धतीने काढली तर बुधवार येतो, आणि तो चुकीचा आहे. कारण ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर १५८२ ला सुरू झालं, पण इंग्रजांनी ते १७५२ ला घेतलं, तोवर त्यांच्या तारखा मागे होत्या, १६७४ ला १० दिवसांनी मागे. म्हणून आजच्या हिशोबाने १६ जून धरायचा, म्हणजे वार ३ ने पुढे जातो, शनिवार. परीक्षेत असल्या जुन्या तारखा सहसा येत नाहीत, पण कुणी व्हॉट्सॲपवर वार काढून पाठवला तर आता तुम्हाला चूक सांगता येईल.

एका वारावरून दुसरा वार

हे प्रश्न जास्त येतात आणि यात शून्यापासून मोजायची गरज नसते. १५ ऑगस्ट २०२३ ला मंगळवार, तर १५ ऑगस्ट २०२७ ला? २०२४ ला जाताना मध्ये २९ फेब्रुवारी लागते म्हणून २ ने पुढे, मग १, १, १, एकूण ५. मंगळवारच्या पुढे ५, रविवार.

कळीचा मुद्दा, बघायचं ते वर्ष लीप आहे का हे नाही, दोन तारखांच्या मध्ये २९ फेब्रुवारी येते का हे. १० जानेवारी २०२४ ला बुधवार होता आणि १० जानेवारी २०२५ ला शुक्रवार, दोनने पुढे. पण १० मार्च २०२४ ला रविवार आणि १० मार्च २०२५ ला सोमवार, एकनेच. वर्षं तीच दोन, पण मार्चपर्यंत २९ तारीख मागे पडलेली होती. हा फरक कळला की अर्धा धडा झाला समजा.

एकाच वर्षातल्या तारखा असतील तर उरलेले दिवस मोजा. २६ जानेवारी २०२५ ला रविवार, तर १ मे २०२५ ला? जानेवारीचे उरलेले ५, फेब्रुवारी ०, मार्च ३, एप्रिल २, मे चा १, एकूण ११, बाकी ४, गुरुवार. सुरुवातीचा दिवस मोजायचा नाही, शेवटचा मोजायचा.

अजून एक सुंदर गोष्ट, ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर या पाचही तारखांना त्या वर्षी एकच वार असतो, कारण प्रत्येक दोघांत बरोब्बर ६३ दिवस आहेत, ९ आठवडे. ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै आणि ७ नोव्हेंबर पण त्यातच. जॉन कॉनवे नावाच्या गणितज्ञाची ही पद्धत. २०२६ ला तो वार शनिवार आहे, मग २ ऑक्टोबर? १० ला शनिवार, ३ ला शनिवार, २ ला शुक्रवार. तीन सेकंद.

जुनं कॅलेंडर परत कधी चालेल यासाठी वर्षाला ४ ने भागा, बाकी ० असेल तर २८ वर्षांनी, १ असेल तर ६, २ किंवा ३ असेल तर ११. २०२५ चं २०३१ ला चालेल, २०२६ चं २०३७ ला. मध्ये २१०० सारखं वर्ष आलं की हा नियम मोडतो. आणि २०२६ चं २०३२ ला का नाही? १ जानेवारीला दोन्हीकडे गुरुवारच आहे, पण २०३२ लीप आहे, मार्चपासून वार बिघडतात.

शेवटचा प्रकार आपल्या भाषेमुळे अवघड होतो. "परवा रविवार होता, तर परवा कोणता वार असेल?" मराठीत गेलेला दिवस पण परवा आणि येणारा पण परवा, म्हणून क्रियापद बघा, होता की असेल. आणि काहीही असो, आधी "आज" काढा. परवा रविवार होता म्हणजे आज मंगळवार, येणारा परवा गुरुवार. "कालच्या आदल्या दिवसाच्या तीन दिवसांनंतर" असलं काही लांबलचक आलं तर काल म्हणजे -१, आदला -१, नंतर +३, एकूण +१, म्हणजे उद्या. बेरीज-वजाबाकी करा, मनात चित्र रंगवत बसू नका.

घरी करायला पाच देतो, घड्याळ लावून बसा, पाचही मिळून पाच मिनिटांत: ८:२४ चा कोन, ५ ते ६ मध्ये काटे एकमेकांवर कधी, त्याच तासात काटकोन कधी कधी, २:३५ ची आरशातली वेळ, आणि २६ जानेवारी १९५० चा वार. उत्तरं अनुक्रमे १०८ अंश, ५ वाजून २७ पूर्णांक ३/११ मिनिटं, ५ वाजून १० पूर्णांक १०/११ आणि ५ वाजून ४३ पूर्णांक ७/११ मिनिटं, ९:२५, गुरुवार. जे चुकेल त्याच्या फक्त त्याच प्रकारची दहा गणितं दुसऱ्या दिवशी सोडवा, सगळा धडा परत काढू नका.